नाशवंत माल

एकतीस वर्षं मी नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात
वजनकाट्यापाशी बसलो.
मृग काय, आंबिया काय, कुठल्याच बहाराची संत्री
माझ्या पावतीशिवाय या गावाबाहेर गेली नाहीत.
बोटांत वास असा मुरला की
प्रभुभोजनाच्या भाकरीलाही लागायचा.
इंदू म्हणायची, चालतं त्याला,
तो कुठे साबणाने हात धुतलेल्यांच्या घरी जन्मला?

फुटक्या खोक्यांच्या फळ्या मी घरी आणायचो,
डिसेंबरात त्यांची गव्हाण ठोकायचो,
मेकोसाबागेतल्या आमच्या चर्चसाठी.
फळ्यांवर काळ्या शाईचे ठसे:
नाशवंत माल. ही बाजू वर.
रंध्याने घासून काढायचो सगळे.
देवाच्या लेकराला रेल्वेचा शिक्का कशाला?

माझं नाव शांतवन. बापाने ठेवलं.
इंदू गेली तेव्हा हे नाव
दुसऱ्या कुणाच्या टपालासारखं दारात पडून होतं.
मेडिकलच्या वॉर्डात एक्केचाळीस रात्री
तिचं वजन उतरताना मी पाहिलं,
काट्याविना, नुसतं कूस बदलून देताना.
मंडळी आली, प्रार्थना झाल्या,
पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, शांती असो.
मी मान हलवली
आणि मोरीतला नळ गळत होता, तो मोजत बसलो.
तेव्हापासून रोज रात्री तोच हिशेब.

यंदा गव्हाण केली नाही.
चोवीस तारखेच्या दुपारपर्यंत नाही.
गल्लीत कागदी तारे लागले, जिन्याजिन्यावर करंज्यांचा घाणा,
थंडी अशी की कुत्रीसुद्धा शेकोटीच्या राखेत शिरलेली.
मग शेजारचा तिमथी आला, कानटोपी डोळ्यांवर.
"काका, गव्हाण नाही काय बनवून राहिले?"
नाही.
"मंग बाळ कुठं ठेवाचं?"
एवढंच. उपदेश नाही, वचन नाही.
जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं प्लास्टरचं बाळ, एक कान उडालेला,
त्याने माझ्या पलंगावर ठेवलं, इंदूच्या बाजूला,
आणि पतंग धरायला पळाला.

मी किती वेळ उभा.
सप्टेंबरपासून त्या उशीवर कुणी नव्हतं.
बाळ पाऊण किलोचं असेल.
सवय जात नाही.

फळ्या माळ्यावर होत्या. रंधा सापडला नाही,
किंवा मी शोधला नाही.
हात थरथरत होता, तीन खिळे वाकले.
गव्हाण उभी राहिली तेव्हा दिसलं:
ठसा आतल्या अंगाला, सरळ, वाचता येईल असा,
जिथे त्याची पाठ टेकणार अगदी तिथे.
नाशवंत माल.

मी खाली बसलो, भुशातच.
म्हणजे हे असं होतं तर.
ज्याला कुजणं ठाऊक नव्हतं
तो आमच्या डब्यात चढला, आमच्याच दराने.
भूक, ताप, हिरड्यांतून येणारा दात,
मित्राच्या कबरीपाशी भरून आलेले डोळे,
आणि शेवटी हेच, लाकूड आणि खिळे.
वॉर्डात मी छताकडे बघून हाका मारत होतो.
तो खाली होता, खाटेच्या थंड लोखंडाशी,
तिच्यासोबत किलोकिलोने उतरत.

गव्हाण सायकलच्या कॅरिअरला बांधून नेली.
सजावटीवाल्या पोरी म्हणाल्या, अंकल, अक्षरं दिसताहेत,
वर तणस टाकू?
म्हटलं, टाका, बाळाला टोचू नये म्हणून टाका.
अक्षरांसाठी नको.

मध्यरात्रीची उपासना सुटली, घरी आलो.
शांती म्हणजे काय, कुणी विचारलं तर
आजही धड सांगता येणार नाही.
इंदू परत आलेली नव्हती.
तिच्या बाजूची चादर गार होती,
तिथे हात ठेवला, काढला नाही.
मोरीत नळ गळतच होता.
चौथ्या थेंबापर्यंत मोजल्याचं आठवतं.